पाहुणा आता मागे खेळतो

तिनं ते नाव घेतलं आणि खोलीतली अकरा माणसं एकदम मागे वळून तिच्याकडे बघायला लागली.

ती आली होती सेक्रेटरीकाकांचा चष्मा द्यायला. फुटबॉल क्लबचे हे सेक्रेटरी आदल्या दिवशी स्वतःच्याच चष्म्यावर बसले होते. ‘काहीही करा, पण उद्याच्या मॅचआधी काडी बसवून द्या,’ म्हणून तिच्या मामाच्या मागे लागले होते. मामाचं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं. पण मामाला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यानं घरीच काडी बसवली आणि भाचीला पिटाळलं. “जा गं, देऊन ये. नाहीतर म्हातारा मॅच कानानं बघत बसेल.”

क्लबची खोली सायकलच्या दुकानावर होती. अरुंद जिना, निम्म्यापर्यंत हिरव्या रंगवलेल्या भिंती, आणि भिंतीवर दरवर्षीच्या टीमचे फोटो. गेल्या वर्षीच्या फोटोत एका चेहऱ्यावर कुणीतरी कागद चिकटवला होता. समोर उंचावर टीव्ही. पांढऱ्या कपड्यांतली टीम पळत होती, पंच शिट्टी फुंकत होता, प्रेक्षक हात उंचावून ओरडत होते... आणि आवाज मात्र कशाचाच नव्हता.

“अहो, आवाज का बंद?” तिनं सहज विचारलं. “आणि आज तो कसा खेळतोय?” असं म्हणून तिनं त्या खेळाडूचं नाव घेतलं. अकरा माणसं वळली ती तेव्हा.

“बाई,” सेक्रेटरीकाका दुरुस्त झालेला चष्मा नाकावर चढवत म्हणाले, “ते नाव इथे घेत नाहीत.”

“का?”

“गेला म्हणून,” खाकी शर्टातला एकजण म्हणाला. तो बसचा कंडक्टर होता आणि सगळे त्याला कंडक्टरच म्हणायचे. “नऊ वर्षं आपल्याकडे खेळला. डोक्यावर घेऊन नाचलो आम्ही त्याला. आणि एक दिवस उठला आणि बंदराच्या शहरातल्या टीमकडे गेला. तेव्हापासून त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या मॅचला आवाज लावायचा नाही, म्हणजे नाव कानावरही पडायला नको. पेपरात त्याच्याबद्दल काही आलं तर वाचायचं नाही. ठराव झालाय तसा.”

“मग मॅच बघता कशाला?”

कंडक्टर शर्टाचं बटण चाचपायला लागला. मग सगळ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “वाईट खेळतो ते बघायला.”

सगळे हसले. तीही हसली आणि तिनं मागे बघितलं. तिशीच्या आतबाहेरचा एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. नखांत रंग, आणि कानाच्या पाळीवर निळा ठिपका. पेंटर होता तो, पाट्या रंगवणारा. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या, हे तिला नंतर कळलं. तेव्हा फक्त तो ठिपका दिसला. पुसावासा वाटला.

“मग त्याला म्हणायचं तरी काय?” तिनं विचारलं.

“पाहुणा,” पेंटर म्हणाला. “आला, जेवला, गेला.”

नाव घेणाऱ्यानं सगळ्यांना चहा करायचा, असाही ठराव होता. कोपऱ्यात शेगडी होती. ती गुपचूप पातेलं घेऊन उभी राहिली. सगळ्यांच्या माना परत टीव्हीकडे वळल्या. पेंटर मात्र उठून आला, साखर कुठे आहे ते दाखवायला. साखर समोरच होती.

“पहिल्यांदाच आलात आणि थेट चहावर लागलात,” तो म्हणाला.

“तुमचा ठराव विचित्र आहे.”

“आहेच. पण मोडलेला चालत नाही.”

“तुम्ही कधी मोडलात?”

“एकदा. झोपेत. सकाळी आई म्हणाली, नाव घेत होतास त्याचं. पण चहा तिनंच केला, म्हणून मी इथे कळवलं नाही.”

ती हसली. पाणी उकळायला लागलं. तिनं आवाज खाली आणला. “खरं सांगू का? तो चांगला खेळतोय हं.”

“चांगला? आत्ता दोनदा पडला. परवा तर गोल समोर मोकळा होता, आणि यानं चेंडू प्रेक्षकांत घातला!”

“तो कशाला गोल मारायला जाईल? तो आता मागे खेळतो. बचावात.”

“पाहुणा? मागे?” पेंटर हसला. “त्याला मागे वळून बघायची सवय असती तर गेलाच नसता.”

ती वाद घालणार होती. तीन भावांत वाढलेली मुलगी. घरात एकच टीव्ही, त्यामुळे फुटबॉल तिला न शिकवता आला होता. पण ती थांबली. कारण तो बोलता बोलता टीव्हीकडे बघत होता, आणि बघताना हनुवटी पुढे काढून डोळे बारीक करत होता. मामाच्या दुकानात डोळे तपासताना अशी माणसं ती दिवसभर बघायची. मायनस दोन असेल, तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं. डोळे छान आहेत.

“एकदा दुकानात या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“तुमचे डोळे बघायचे आहेत.”

नेमका तेव्हाच कंडक्टर कप घ्यायला आला होता. “ऐकलंत का रे!” तो तिथूनच ओरडला. “पेंटरचे डोळे बघायचेत म्हणे हिला!” मग काय विचारता. तिनं खाली मान घातली आणि चहा उतू गेला.

बुधवारी दुपारी तो आला. बाहेर बारीक भुरभुर होती, केसांवर थेंब होते. “इकडून चाललो होतो,” तो म्हणाला. दुकानाची गल्ली पुढे बंद होती. तिथून कुणीच कुठे चाललेलं नसतं. तिनं त्याला आत घेतलं.

डोळे तपासायची खोली म्हणजे दुकानाच्या मागचा एक चिंचोळा भाग. काळा पडदा, खुर्ची, आणि लांब टोकाला अक्षरांचा तक्ता. तिनं पडदा ओढला. त्याच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम बसवली आणि एकेक भिंग घालायला लागली.

“हे बरं... की हे?”

“पहिलं.”

“आणि आता? हे बरं... की हे?”

“तुम्ही जरा बाजूला झालात तर तक्ता दिसेल,” तो म्हणाला. मग हळूच, “घाई नाही.”

तिचे हात त्याच्या कानाजवळ होते. रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास येत होता. पाऊस पत्र्यावर इतका हलका पडत होता की तो थांबला की काय, असं मध्येच वाटायचं. तिनं दिवसाला वीस-वीस माणसांचे डोळे तपासले होते. या एका माणसाला तिला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावासा वाटत होता.

नंबर निघाला. मायनस दोन. ती त्याला तशाच फ्रेमसकट दुकानाच्या दारात घेऊन गेली. “बघा आता.”

त्यानं बघितलं. नजर गल्लीतल्या झाडावर थांबली. मग म्हणाला, “पानं वेगवेगळी दिसतात.”

“हो.”

“त्या टोकाची ती पाटी... ती माझी आहे. मी रंगवलीय ती.” तो आणखी एक पाऊल पुढे गेला आणि एकदम डोक्याला हात लावला. “अहो! तिसरं अक्षर वाकडं आहे!”

ती इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं. त्याचंही बरोबर होतं. शिडीवर चढून, नाकापाशी पाटी धरून रंगवणारा माणूस. काम त्याला कधी लांबून बघावंच लागलं नव्हतं. आणि बघितलं असतं तरी दिसलं नसतं.

“आता पाहुणाही नीट दिसेल,” ती म्हणाली.

“तो न दिसलेलाच बरा. ते कुरळे केस कपाळाला चिकटलेले, ती धडपड... नऊ नंबरची लाज घालवली त्यानं.”

ती हसता हसता थांबली.

पाहुण्यानं या मोसमाच्या सुरुवातीलाच केस बारीक कापले होते. इथला त्याचा नऊ नंबर गेला होता, पाठीवर आता तेवीस होतं. बंदराच्या टीमचा नऊ नंबर, कुरळ्या केसांचा, तो दुसराच कुणी होता. हा माणूस सगळ्यात मागच्या बाकावर बसून, बंद आवाजात, भलत्याच माणसाला शिव्या घालत होता! आणि खोलीत नाव घ्यायचं नाही असा ठराव, त्यामुळे कुणी कुणाला काही सांगणार नव्हतं.

तिनं सांगायला तोंड उघडलं. पण सांगितलं तर वाद संपला. वाद संपला तर हा माणूस उद्या या बंद गल्लीतून कशाला चालला असेल?

तिनं तोंड मिटलं.

त्यानंतर तो येतच राहिला. चष्मा तयार झाला तेव्हा आला. चष्मा नाकावरून घसरतो म्हणून आला. काडी कानाला टोचते म्हणून आला. त्या सगळ्या काड्या ती आपल्या हातांनी गरम करून वाकवायची आणि त्याच्या कानामागे बोट फिरवून बघायची, टोचतं का आता? ‘अजून थोडं,’ तो म्हणायचा. रस्त्यावर तो चष्मा लावायचा. एकेक करून त्यानं गावातल्या आपल्या जुन्या पाट्या बघितल्या आणि सात पाट्या कुणी न सांगता सुधारल्या. क्लबात मात्र चष्मा खिशातच. कंडक्टर हसेल म्हणे. तिनंही आग्रह केला नाही. सोमवार उजाडला की तो दारात हजर.

“काल बघितलंत? परत पडला पाहुणा.”

“मला तर उभा दिसला.”

“तुम्ही त्याची बाजू का घेता हो?”

“तुम्ही त्याच्यावर इतके का चिडता?”

यावर एकदा त्यानं चष्मा काढून ठेवला. मग काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाला, “आपल्याकडे असताना तो माझा होता म्हणून. म्हणजे... ओळख नव्हती. पण रविवार त्याचा होता. आता तो तिकडे चांगला खेळला तर आपण काहीच नव्हतो असं होतं. म्हणून वाईट खेळावा असं वाटतं.” मग हसला. “गेला तो गेला. आम्ही नावच टाकलं.”

तिला ते हसणं लागलं. कारण तिच्याकडे आता आणखी एक गोष्ट होती, आणि तीही तिनं त्याला सांगितली नव्हती.

मामा दुसरं दुकान काढत होता, बंदराच्या शहरात, बसनं तीन तासांवर. तिथे दोन खुर्च्या असणार होत्या आणि तपासणीची खोली चांगली प्रशस्त. आणि ते दुकान ती चालवणार होती. पाटीवर तिचं नाव असेल, असं मामा म्हणाला होता. ती सहा वर्षं याची वाट बघत होती. तिनं एका श्वासात हो म्हटलं होतं. पहिल्या तारखेला जायचं होतं.

हो म्हटल्यावर तिला पेंटर आठवला. फोटोतल्या चेहऱ्यावर चिकटवलेला तो कागदही आठवला.

“सांगितलंस का त्याला?” एका दुपारी मामानं विचारलं. तो भिंगाची कड घासत होता, वर बघितलंही नाही.

“कुणाला?”

“अगं, एका माणसाची काडी आठवड्यातून तीनदा सैल होते, हे माझ्या लक्षात येणार नाही का? तीस वर्षं काड्या बसवतोय मी.”

ती भिंगं पुसत राहिली. “सांगेन. पहिल्या तारखेला वेळ आहे.”

मामानं यंत्र बंद केलं. “तुझी मामी भांडी घासताना गायची. आठवतं? मला आवडायचं. पण मी म्हणायचो, जरा हळू. का म्हणायचो कोण जाणे. आवडतं हे सांगायला पुष्कळ वेळ आहे असं वाटायचं.” त्यानं भिंग उजेडात धरून बघितलं. “आता घर एकदम हळू आहे.”

मग त्यानं यंत्र परत चालू केलं.

त्या रविवारी आपली टीम आणि पाहुण्याची टीम समोरासमोर होती. बंदरावरच्या मैदानात मॅच, आणि क्लबची खोली दुपारपासूनच गच्च. ती आली ती सरळ मागच्या बाकाशी गेली.

“आज चष्मा लावा,” ती म्हणाली.

“इथे? कंडक्टर...”

“एकदाच. माझ्यासाठी.”

‘माझ्यासाठी’ हे तिच्या तोंडून निसटून गेलं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं खिशातून चष्मा काढून लावला. कंडक्टर हसलाच. “या, प्रोफेसर!”

मॅच सुरू झाली. आवाज बंदच. पांढऱ्या टीमचा नऊ नंबर चेंडू घेऊन पुढे आला, कॅमेरा जवळ गेला, आणि पेंटर बाकावरून उठला.

“हा कोण?”

“कोण कोण?” कंडक्टर म्हणाला.

“हा. नऊ नंबर. हा आपला पाहुणा नाही!”

“कसा असेल? पाहुणा तेवीस नंबर. तो बघ मागे, बारीक केसांचा.”

पेंटरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग मी... मोसमभर कुणाला शिव्या घालतोय?”

एक क्षण कुणाला काही समजलं नाही. मग समजलं. सेक्रेटरीकाका हसता हसता परत चष्म्यावर बसणार होते, कुणीतरी हात धरला म्हणून वाचले. “अरे, पण सांगायचं ना मला!” पेंटर म्हणाला. “आम्हाला काय माहीत तू कुणाला घालतोयस!” कंडक्टर डोळे पुसत म्हणाला. “सगळे मिळून शिव्या घालतोय, त्यात तुझी शिवी वेगळी कशी ओळखायची?”

पेंटर हसला नाही. तो तिच्याकडे वळला. “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“डोळे तपासले त्या दिवसापासून.”

तो वळला. परत बसला आणि टीव्हीकडे बघत राहिला. ती त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहिली. आता त्याची नजर पुढे पळणाऱ्यांकडे नव्हती, पार मागे होती. तेवीस नंबरकडे. तो माणूस फार पळत नव्हता. पळायची वेळ येण्याआधीच योग्य जागी जाऊन उभा असायचा. चेंडू त्याच्याकडे यायचा, तो शांतपणे दुसऱ्याला द्यायचा. शेवटी शेवटी आपल्या टीमचा एकजण गोलसमोर एकटाच मोकळा सुटला. खोली उभी राहिली. आणि कुठूनसा तेवीस नंबर आला, आडवा पडून त्यानं चेंडू काढून घेतला, उठला आणि अंगावरचं गवत झटकलं.

“वा!” पेंटर म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आपला गोल हुकला होता, आणि हा वा म्हणत होता! पण त्याला त्याचं भान नव्हतं. तो उठला, पुढे गेला, सेक्रेटरीकाकांच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज लावला. खोली लोकांच्या ओरडण्यानं भरून गेली. आणि त्या गोंगाटात मॅचचं वर्णन करणाऱ्यानं ते नाव घेतलं. दोनदा घेतलं. कुणी हललं नाही.

“चहा कोण करणार?” सेक्रेटरीकाका अखेर घसा खाकरत म्हणाले.

“मी,” पेंटर म्हणाला.

ती शेगडीपाशी गेली तेव्हा तो पातेल्यात पाणी ओतत होता. तिला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही.

“अजून एक आहे,” ती म्हणाली. “मी जातेय. बंदराच्या शहरात. मामाचं नवं दुकान आहे, ते मी चालवणार. पहिल्या तारखेला.”

त्याचा हात थांबला. “हे कधीपासून माहीत होतं?”

“तीन आठवडे.”

“म्हणजे दोन गोष्टी.”

“हो. पहिली सांगितली असती तर तुम्ही यायचं थांबवलं असतं. आणि दुसरी सांगितली असती तर...” मागे भिंतीवर तो फोटो होता. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं.

त्यानं साखर घातली. ढवळली. गरजेपेक्षा बराच वेळ ढवळली. मग कप भरून तो सगळ्यांना देत गेला, आणि तिचा कप तिच्या हातात देताना म्हणाला, “सांभाळा, गरम आहे.” एवढंच. मग जिना उतरून निघून गेला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. दुकानाचं दार वाजलं की ती मान वर करायची, आणि कुणीतरी भलताच वाचायचा चष्मा मागायला आलेला असायचा. बुधवारी तिनं त्याला घरून निरोप पाठवायचा विचार केला, गुरुवारी तो सोडून दिला. ती स्वतःला सांगायची, दुकान सहा वर्षं हवं होतं. आता मिळतंय. रडायचं काय आहे? ती जाणार होती, तेवढं नक्की होतं. फक्त जाताना आपलं नाव कुणीतरी कागदाखाली झाकून टाकेल, हे तिला सोसत नव्हतं.

शनिवारी, दुकानातला तिचा शेवटचा दिवस. दुपारचं कोवळं ऊन काउंटरच्या काचेवर पडलं होतं. मामा मागे खोकी बांधत होता. दार वाजलं.

तो होता. चष्मा लावलेला, केस विस्कटलेले, जणू लांबून आलेला.

“काडी?” तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“काडी ठीक आहे.” तो काउंटरपाशी आला. “तीन दिवस शिडीवर उभा राहून तुझ्याबद्दल वाईट बोलायचा प्रयत्न केला. एकट्यानंच. म्हटलं, पाहुण्याबद्दल जमलं तसं हिच्याबद्दलही जमेल.”

“मग?”

“सुरुवात तुझ्या नावानं करायचो. नावापुढे काही सुचायचंच नाही. नुसतंच नाव घेत उभा. खालून गिऱ्हाईक विचारतोय, अहो, काय म्हणताय?”

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

“मग गुरुवारी बसमध्ये बसलो,” तो म्हणाला. “कंडक्टर म्हणाला, कुठे? म्हटलं, बंदर. त्यानं काही न विचारता तिकीट फाडलं. तिथे होड्या बघितल्या. शंभर-दीडशे असतील. प्रत्येक होडीवर नाव असतं, माहितेय? खाऱ्या पाण्यानं वर्षभरात उडून जातं, दरवर्षी परत लिहावं लागतं. एक म्हातारा लिहितो. आता हात थरथरतो त्याचा. मी त्याला एक नाव लिहून दाखवलं. तो लांब जाऊन बघून आला. म्हणाला, अक्षर सरळ आहे, ये.”

तिनं हातातलं चष्मा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

“इथल्या तीन पाट्या बाकी आहेत,” तो घाईनं म्हणाला. “पंधरा दिवस लागतील. आईलाही सांगितलंय. ती म्हणाली, तिकडची हवा चांगली असते, मीही येईन. आता तू... म्हणजे तुला चालणार असेल तर. नाहीतर होड्या तर आहेतच.”

“क्लबात तुझंही नाव घेणार नाहीत मग.”

“आजच सांगून आलो. सेक्रेटरीकाकांनी ठरावाचं पुस्तक काढलं, बराच वेळ बघितलं, आणि आत ठेवून दिलं. म्हणाले, जमलं तर तेवीस नंबरला आमचा नमस्कार सांग.”

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी होती. त्याचे हात काउंटरच्या पलीकडे होते. मधे हातभर काच.

“पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ,” ती म्हणाली. “माणसं विसरतात.”

“मी? मी ज्याला विसरायचं ठरवलं होतं, त्याची एकही मॅच चुकवली नाही.”

“भलत्याच माणसाला बघत होतास.”

“बघत तर होतो ना!” तो म्हणाला. मग चष्म्यातून सरळ तिच्याकडे बघितलं. डोळे बारीक न करता, हनुवटी पुढे न काढता. “या वेळी माणूस चुकलेला नाही.”

तिनं काचेवरून हात पुढे सरकवला. त्याच्या बोटांवर पांढरा रंग अजून ओलसर होता, तो तिच्या बोटांना लागला. दोघांनीही हात काढून घेतला नाही.

मागच्या खोलीतून मामाचा आवाज आला, “गिऱ्हाईक आहे का गं?”

“नाही मामा,” ती म्हणाली. “घरचंच माणूस आहे.”